सिकल तपासा, मुलगा-मुलगी नाही

वाचकाचं पत्र

वकीलबाई, नमस्कार. आम्ही ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. चार एकर धान आहे, घरीच छोटंसं किराणा दुकान आहे. माझं वय ३४, ह्यांचं ३९. आम्हाला आठ वर्षांची एक लेक आहे. ती लहान असताना हातापायाची बोटं सुजून यायची, रात्रभर रडायची. रक्त तपासलं तर एसएस पॅटर्न निघाला, म्हणजे सिकलसेलचा आजार. मग आम्हा दोघांचं तपासलं. दोघंही एएस, म्हणजे आजार नाही पण दोष अंगात आहे. त्यानंतर एकदा दिवस गेले ते नळीत राहिले. ऑपरेशन करून एक नळी काढली, दुसरी बंद आहे म्हणतात. पाच वर्षं झाली, काही राहत नाही.

नागपूरच्या एका सेंटरमध्ये टेस्ट ट्यूबचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, एम्ब्रियो म्हणजे भ्रूण तयार झाले की सिकलसेलची तपासणी करू आणि चांगला असेल तोच ठेवू. पण आमच्या आशाताई म्हणतात, गर्भाची तपासणी करणं गुन्हा आहे, जेल होते. सासूबाई म्हणतात, "एवढे पैसे लावूनच रायले त पोराचंच पाहून घ्या न." आम्हाला सेंटरला नेणारा-आणणारा एक माणूस आहे. तो म्हणतो, तेही त्याच रिपोर्टात कळते, वरचे पैसे फक्त नगदी द्या. तोच म्हणतो, उरलेले एम्ब्रियो दुसऱ्या जोडप्याला द्या, बिलातून ऐंशी हजार कमी करून देतो. ह्यांना वाटते की द्यावे. आपले पैसे वाचतील आणि एखादीची ओटीही भरेल. मला मात्र झोप लागत नाही. आपलंच लेकरू दुसऱ्या गावात वाढेल आणि समोर आलं तरी ओळखू येणार नाही, असं मनात येते.

फॉर्म जाडजूड आहे, सगळा इंग्रजीत. नवरा-बायकोतलं कोणी मेलं तर एम्ब्रियोचं काय करायचं, अशा चौकटी आहेत म्हणे त्यात. त्या रिकाम्या सोडा, आम्ही भरतो, असं तो माणूस म्हणतो. काय करावं?

— एक आई

उत्तर

ताई,

चौकटी रिकाम्या ठेवून कुठंही सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा, दोघं मिळून वाचा, पण एवढं आजच ठरवून टाका.

आता आशाताईंचं पाहू. त्या खोटं सांगत नाहीत, अर्धं सांगतात. त्यांना शिकवलंही तेवढंच गेलं आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच कायदा केला, देशात सगळ्यांच्या आधी. मग केंद्राचा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आला. सोनोग्राफी सेंटरवरचे फलक, ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या घोषणा, शाळेतली पथनाट्यं, या सगळ्यांतून लोकांच्या डोक्यात एकच बसलं: गर्भ तपासला की पोलीस. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात कोणत्या आजारांसाठी तपासणी चालते, त्याची यादी दिली आहे आणि हिमोग्लोबिनचे आजार त्या यादीत आहेत. सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनचाच दोष. म्हणजे ज्यांच्या नळ्या ठीक आहेत अशा एएस-एएस जोडप्यालाही, घरात या आजाराचं मूल असेल तर, दिवस राहिल्यावर नोंदणीकृत केंद्रात सिकलसेलपुरती तपासणी करून घेता येते. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात ही गोष्ट घराघरांत माहीत असायला हवी होती. ती नाही.

तुमचं प्रकरण गर्भाच्याही अलीकडचं आहे, पोटात जाण्याआधीचं. त्याला २०२१ चा सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा लागतो. दवाखान्यात त्याला एआरटी अ‍ॅक्ट म्हणतात. २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू आहे. त्याचं २५ वं कलम म्हणतं की भ्रूणाची जनुकीय तपासणी आधीपासून माहीत असलेल्या, आनुवंशिक किंवा जनुकीय आजारासाठी करता येईल आणि फक्त त्यासाठीच करता येईल. तुमच्या घरात तीन रिपोर्ट आहेत, दोन एएस आणि एक एसएस. आजार माहीत असणं म्हणजे आणखी काय असतं? तेव्हा या बाबतीत तुमचे डॉक्टर बरोबर आहेत. वयाची अट बाईला २१ ते ५० आणि पुरुषाला २१ ते ५५ अशी आहे, तिची चिंता नको. वंध्यत्वाच्या व्याख्येतही तुमच्या नळ्या बसतात.

फक्त एक पाहून घ्या. तुमच्या दोघांच्या रिपोर्टवर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचा प्रकार नेमका ओळखणाऱ्या तपासणीचं नाव, लिहिलेलं आहे ना? गावात बोटाला टोचून जी सोल्युबिलिटीची तपासणी होते तिच्यात सिकल आहे एवढंच कळतं, एएस की एसएस ते कळत नाही. लाखो रुपयांचा उपचार त्या चिठ्ठीवर उभा करू नका.

तपासणी होते कशी, तेही समजून घ्या, कारण फॉर्मची सगळी भानगड तिथूनच सुरू होते. एग पिकअपच्या दिवशी स्त्रीबीजं काढतात, प्रयोगशाळेत त्यांचा शुक्राणूंशी संयोग घडवतात आणि भ्रूण पाचेक दिवस तिथंच वाढू देतात. पाचव्या-सहाव्या दिवशी तो शंभरावर पेशींचा होतो. त्याच्या बाहेरच्या थरातून, ज्याची पुढे वार बनते, पाच-दहा पेशी काढून घेतात. बाळ ज्या आतल्या पेशींतून होतं त्यांना हात लावत नाहीत. काढलेल्या पेशी लॅबला जातात. रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात, तोवर भ्रूण द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर गोठवून ठेवतात. गाईला भरायच्या कांड्या डॉक्टर ज्या वाफाळत्या टाकीतून काढतात, त्याच जातीची ही टाकी. म्हणजे तुमच्या बाबतीत फ्रीजिंग हा 'पुढेमागे लागलं तर' असा मामला नाही. तपासणी करायची तर गोठवणं आलंच आणि गोठवणं आलं की तो फॉर्म आला.

तुम्ही विचारलं नाही, तरी एक सांगते. डॉक्टर "चांगला असेल तोच ठेवू" म्हणाले, त्यांना चांगला म्हणजे कोणता ते विचारा. आईबाप दोघं एएस असले की प्रत्येक भ्रूण एसएस निघण्याची शक्यता २५ टक्के, एएसची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष एएची २५ टक्के. फक्त एए तेच चांगले धरले तर चारातले सरासरी तीन बाद. एएसही धरले तर एकच बाद. तुम्ही स्वतः एएस आहात आणि दरसाल रोवणीला दिवस दिवस चिखलात वाकून उभ्या राहता. एएसच्या लेकराला एवढंच सांभाळायचं असतं की लग्न ठरवताना पुढच्याचंही रक्त तपासावं. माझं मत विचाराल तर एएस भ्रूण बाजूला टाकू देऊ नका. आणि या तपासणीतही चुकीला थोडी जागा असते, म्हणून दिवस राहिल्यावर डॉक्टर पुन्हा एकदा खात्री करून घ्या म्हणाले, तर तो पैसे काढायचा डाव समजू नका.

आता सासूबाईंचं. तो माणूस म्हणतो ते खरं आहे. पेशी तपासल्या की मुलगा की मुलगी हे लॅबला कळू शकतं. कळू शकतं म्हणून तर कायदा करावा लागला. पीसीपीएनडीटी कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून गर्भ राहण्याआधीची लिंगनिवडही बंद आहे. एआरटी कायद्याच्या २६ व्या कलमाने हव्या त्या लिंगाचं मूल देऊ करायला मनाई केली आहे. एकच अपवाद ठेवला आहे, लिंगाशी जोडलेल्या आजारांचा. हिमोफिलिया (रक्त न गोठणं) किंवा डुशेन (स्नायू झिजणं) यांसारखे आजार मुख्यतः मुलग्यांनाच होतात, तिथं लिंग पाहणं हाच आजार टाळण्याचा एक मार्ग असतो.

इथंच काही लोक वाट काढतात. "तुमच्याकडे आनुवंशिक आजार आहेच, मेडिकल कारण दाखवून टाकू," असं कानात सांगितलं जातं. ते चालत नाही. सिकलसेलचा जीन अकराव्या गुणसूत्रावर असतो, लिंग ठरवणाऱ्या एक्स-वायवर नाही. आईकडून एक, बापाकडून एक असे दोन्ही सदोष आले की आजार. ते मुलगा असो की मुलगी. तुमच्या केसमध्ये लिंग पाहण्याला वैद्यकीय कारण नावालाही नाही आणि हे तपास अधिकाऱ्याला फाइल उघडल्या उघडल्या दिसेल.

शिक्षा कोणाला, हेही घरात कळू द्या. लिंगनिवडीसाठी तपासणी मागणाऱ्याला पीसीपीएनडीटी कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद आणि पहिल्या गुन्ह्याला ५० हजारांपर्यंत दंड आहे. 'मागणारा' म्हणजे नवरा, सासू, दीर, कोणीही. गरोदर बाईची अशी तपासणी झाली तर ती नवऱ्याच्या किंवा नातेवाइकांच्या दबावाखाली झाली असंच हा कायदा गृहीत धरतो आणि तसं नव्हतं हे त्यांनी सिद्ध करायचं असतं. एआरटी कायदा आणखी कडक. लिंगनिवडीच्या सोयीची कोणत्याही प्रकारे जाहिरात करणाऱ्याला ५ ते १० वर्षं तुरुंगवास किंवा १० ते २५ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. तो माणूस वरचे पैसे नगदी का मागतो, हे आता सांगायला नको.

पण सासूबाईंना कलमं वाचून दाखवू नका, उपयोग व्हायचा नाही. त्यांना हिशेब सांगा. समजा चार भ्रूण तयार झाले. त्यातला एक सिकलचा म्हणून गेला, राहिले तीन. आता पोरगाच पाहिजे म्हटलं तर त्यातला एखाद-दुसराच हाती राहतो. टेस्ट ट्यूबमध्ये भ्रूण आत सोडला म्हणजे मूल राहिलंच, असं नसतं. पहिल्यांदा रिकामं गेलं तर पुन्हा टोचण्या, पुन्हा भूल, पुन्हा पैसे. निरोगी म्हणून निघालेला भ्रूण निव्वळ पोरीचा म्हणून टाकायचा आणि मग नवीनसाठी धान विकायचं, यात कोणता शहाणपणा? बियाण्याचा भाव माहीत असलेल्या बाईला हे पटेल. आणि आठ वर्षांची लेक हे सगळं बोलणं ऐकते आहे, हेही त्यांना सांगा. तिला कळतं.

तुमची झोप उडवणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे, त्या ऐंशी हजारांची.

एआरटी कायद्याचं २९ वं कलम म्हणतं की स्त्रीबीज, शुक्राणू, भ्रूण यांची विक्री, हस्तांतरण किंवा वापर, थेट किंवा आडमार्गाने, देशात किंवा देशाबाहेर, कोणत्याही व्यक्तीला करण्यास मनाई आहे. सूट एकच, आपलेच भ्रूण आपल्याच वापरासाठी हलवायचे असले तर, तेही या कायद्याखालच्या राष्ट्रीय मंडळाच्या परवानगीने. 'बिलातून कमी' म्हणजे हातात नोटा आल्या नाहीत इतकंच, व्यवहार विक्रीचाच झाला. 'आडमार्गाने' हा शब्द अशाच हुशारीसाठी घातला आहे. भ्रूण विकणं, त्यासाठी एजन्सी किंवा रॅकेट चालवणं याला ३३ व्या कलमाने पहिल्या वेळी ५ ते १० लाखांचा दंड आहे. पुन्हा केलं तर ३ ते ८ वर्षं कैद आणि १० ते २० लाखांचा दंड. ऐंशी हजार वाचवायला निघालेल्या माणसाने पाच लाखांचा आकडा एकदा तोंडाने म्हणून पाहावा.

तुमच्या ह्यांच्या मनात लोभ आहे असं मला वाटत नाही. एखादीची ओटी भरेल, हा विचार चांगल्या माणसालाच सुचतो. खरं सांगायचं तर पैशाची देवघेव नसेल, सगळं कागदोपत्री उघड असेल, तर असं दान द्यायला कायद्याने एक अरुंद का होईना दार ठेवायला हवं होतं, असं मला वाटतं. वकिलांतही याबद्दल दोन मतं आहेत. पण आज जो कायदा आहे त्यात 'हस्तांतरण' हा शब्द आहे. फुकट दिलं म्हणून तो लागू होत नाही, असं होत नाही.

आणि कायदा बाजूला ठेवून एक विचार करा. तुमच्यासाठी चांगले भ्रूण निवडल्यावर जे 'उरतील' ते कोणते असतील? सिकलचा रिपोर्ट आलेले त्यातच असणार. तो माणूस ते दुसऱ्या जोडप्याला काय सांगून देणार आहे? लेकीची बोटं सुजलेल्या त्या रात्री तुम्ही पाहिल्या आहेत. तसाच भ्रूण, ज्यांच्या घरी सिकल हा शब्दही कोणी ऐकला नसेल, अशा बाईच्या पोटात न सांगता जाऊ शकतो. हे ह्यांना सांगितलंत की ओटी भरण्याची गोष्ट ते पुन्हा काढणार नाहीत.

मग उरलेल्यांचं काय करायचं? कायद्याने तीन वाटा आहेत. स्वतःच्या पुढच्या खेपेसाठी ठेवता येतात, पण जास्तीत जास्त १० वर्षं. त्याचं दरसालचं भाडं सेंटर घेतं, ते किती हे आधीच लिहून घ्या. दुसरी वाट म्हणजे नष्ट होऊ देणं. तिसरी, तुमच्या संमतीने देशातल्या नोंदणीकृत संशोधन संस्थेला देणं. सिकलचे निघालेले भ्रूण मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला संशोधनासाठी देता येतात, तेही तुम्ही मान्य केलं तरच. परदेशात संशोधनाला पाठवायला पूर्ण बंदी आहे. संशोधनातही भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपुढे वाढवू नये, असे आयसीएमआरचे, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे, निर्देश आहेत. म्हणजे काचेत लेकरं वाढवतात, ही पारावरची गोष्ट पारावरच राहू द्या. यातली कोणती वाट घ्यायची हे मी सांगणार नाही. तो तुमच्या दोघांच्या मनाचा प्रश्न आहे. काही जणींना नष्ट होऊ देणं जड जातं, काही जणींना संशोधनाला देणं. दोन्हीत चूक काही नाही.

आपलं लेकरू दुसऱ्या गावात वाढेल, ही भीती घालवायला हिशेब मागा. बीजं किती काढली, त्यातली किती फळली, पाचव्या दिवसापर्यंत किती टिकली, किती गोठवली, कोणत्या नंबरच्या भ्रूणाचा काय रिपोर्ट आला, हे सगळं सही-शिक्क्यासह कागदावर घ्या. प्रत्येक भ्रूणाला नंबर असतो. २२ व्या कलमानुसार तुमच्या दोघांच्या लेखी संमतीशिवाय सेंटरला एकही भ्रूण कशासाठीही वापरता येत नाही. दिलेली संमतीही भ्रूण गर्भाशयात सोडेपर्यंत केव्हाही मागे घेता येते, तुम्हीही घेऊ शकता, तुमचे पतीही. त्यासाठी साधा अर्ज पुरे, पण त्याच्या प्रतीवर पोच घ्या.

उलटी शंकाही घरात कोणीतरी काढेलच, की लॅबमध्ये अदलाबदल झाली तर? दोन पुरुषांचे शुक्राणू एकत्र करणं, एकाच खेपेत एकाहून जास्त पुरुषांच्या किंवा बायांच्या बीजापासूनचे भ्रूण एका बाईला देणं, हे कायद्याने बंद आहे. एका भ्रूणाचे तुकडे करून दोन करायलाही बंदी आहे. जन्मलेलं मूल कायद्याने तुमचंच जैविक अपत्य, जमिनीच्या वारसा हक्कासकट.

आता त्या चौकटी. नवरा-बायकोपैकी कोणी मेलं किंवा बोलण्या-चालण्याच्या अवस्थेत राहिलं नाही तर भ्रूणांचं काय करायचं, हे दोघांकडून लिहून घेतल्याशिवाय सेंटरला गोठवताच येत नाही. म्हणून तो प्रश्न विचारला जातो. अशुभ वाटतं, मान्य आहे. पण त्या एका खुणेचं वजन किती असतं ते पाहा. २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात एक आई गेली होती. तिच्या अविवाहित मुलाने कॅन्सरच्या उपचाराआधी वीर्य गोठवून ठेवलं होतं आणि फॉर्मवर 'मृत्यूनंतर नष्ट करा' असा पर्याय दिला होता. घरच्यांना विचारलंही नव्हतं. तो गेला आणि सेंटर त्या फॉर्मकडे बोट दाखवू लागलं. निकाल लागेपर्यंत ते जपून ठेवा, एवढा आदेश मिळवायलाही त्या माऊलीला हायकोर्टाची पायरी चढावी लागली. तुमच्या रिकाम्या चौकटीत दुसराच कोणी खूण करणार असेल तर ती खूण तुमची म्हणूनच धरली जाईल.

काय लिहायचं ते रात्री जेवणं झाल्यावर दोघं बसून ठरवा. "मी नसलो तर माझ्या पत्नीने हे भ्रूण स्वतःसाठी वापरावेत, माझी संमती आहे," असं ह्यांना लिहायचं असेल तर तसं स्पष्ट लिहू द्या. एकट्या बाईलाही हा उपचार घ्यायची या कायद्यात मुभा आहे, त्यामुळे ते लिहिणं वाया जाणार नाही. तसं नको असेल तर नष्ट करा म्हणून लिहा. फॉर्म मराठीत समजावून मागा. उपचार, खर्च, धोके, यशाची शक्यता यांचं समुपदेशन करणं हे सेंटरचं कायदेशीर कर्तव्य आहे, उपकार नाही. सही करण्याआधी फॉर्मची प्रत घरी आणा. ब्रह्मपुरीच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. बायांना तिथं उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. तिथल्या वकिलाला म्हणा, एवढा फॉर्म ओळीनं वाचून सांगा.

त्या माणसाला मधून काढा. गाडी भाड्याची करा, नाहीतर बसने जा. डॉक्टरांना एकट्यात गाठून सरळ विचारा: "तुमचा माणूस मुलगा-मुलगी पाहून देतो म्हणतो, उरलेले एम्ब्रियो दुसऱ्याला द्या म्हणतो. हे तुम्हाला माहीत आहे का?" डॉक्टर हादरले आणि त्याला समोर बोलावून झापलं तर ठीक. हसून विषय बदलला तर सेंटर बदला. एग पिकअप झालेलं नाही तोवर तुमचं तिथं काही अडकलेलं नाही. भरलेल्या पैशांच्या पावत्या तेवढ्या जपून ठेवा, पावती दिली नसेल तर मागा. नव्या सेंटरला पहिल्याच दिवशी एआरटी कायद्याखालचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवायला सांगा. केंद्र सरकारच्या एआरटी व सरोगसी नोंदणीच्या संकेतस्थळावरही गावातलं कोणी शिकलेलं पोरगं नाव तपासून देईल. तक्रार करायची असेल तर प्रत्येक सेंटरमध्ये तक्रार निवारण कक्ष असावाच लागतो. लिंगनिवडीची तक्रार नागपूर शहरातल्या सेंटरबद्दल असेल तर महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे करायची. तुमच्या जिल्ह्यात ते काम जिल्हा शल्यचिकित्सकाकडे असतं. तक्रार करायचीच असं मी तुम्हाला बजावणार नाही, तुमच्यामागे आधीच कमी व्याप नाहीत. केलीत तर चांगलं.

शेवटचं लेकीबद्दल. भ्रूणाची तपासणी बेतण्यासाठी लॅबला बहुधा तुमच्या दोघांबरोबर तिचंही रक्त लागेल. तिला नागपूरला न्यायचं झालं तर पहाटेच्या थंडीत उघड्या गाडीतून नेऊ नका. अंगभर गरम कपडे घाला आणि वाटेत सारखं पाणी पाजत राहा. थंडी आणि पाणी कमी पडणं, दोन्हीनं तिचं दुखणं उसळतं. एकाच दिवशी तिघांचं रक्त घ्या म्हणून आधी फोन करून ठरवा. आणि सिकलसेल २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत आहे. तिचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर तिचे रिपोर्ट घेऊन सरकारी रुग्णालयात जा आणि ते काम या टेस्ट ट्यूबच्या गडबडीत मागे पडू देऊ नका.